दुसऱ्या भोंग्याची वेळ

इंदूर,
२१ फेब्रुवारी १९९३

भिया हृषी,

तुझी फ्लॉपी मिळाली आणि प्रोग्राम पहिल्याच झटक्यात चालू झाला. तू लिहिलास म्हणून चालला, नाहीतर माझ्या हाताला यश कुठलं! सुधाकरकाकांना अजून खरं वाटत नाहीये. कृष्णपुऱ्याच्या समाध्यांच्या छत्र्यांजवळ इतकी वर्षं टाइपरायटर बडवत बसलेला माणूस, आता बाहेर पाटी लावून राहिलाय : ‘संगणकीय जन्मपत्रिका, पाच मिनिटांत.’ लोक चपला बाहेर काढून आत येतात. परवा एका मावशींनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. तांदूळ कीबोर्डात गेले. एक बटन अजून अडकतं.

आणि बत्ती! गुरुवारी एकाची पत्रिका अर्धी छापून झाली आणि लाइट गेली. आल्यावर प्रिंटरने त्याच कागदावर खाली दुसऱ्याचीच कुंडली छापली. मी फाडायला गेलो तर तो गृहस्थ म्हणतो, “असू द्या जी, मशीनने दिलंय तर काही मतलब असेल.” कसाबसा परत घेतला कागद.

एक अडचण आहे. आपल्या इथे मिल एरियातले जेवढे लोक येतात त्यांना जन्मवेळ विचारली की सांगतात, “पहिल्या भोंग्याला,” नाहीतर “दुसऱ्या भोंग्याच्या जरा आधी.” घरात घड्याळ कोणाकडे होतं? मशीनला तर तास-मिनिट पाहिजे. मग मी त्यांना शंकररावांकडे पाठवतो. शंकरराव म्हणजे मिलचे टाइमकीपर. भोंग्याची साखळी तीस वर्षं त्यांच्या हातात होती, आणि भोंगा वाजला की गेट बंद करायचं कामपण त्यांचंच. मिलला टाळं लागून सव्वा वर्ष झालं, पण ते अजून रोज सकाळी रेडिओला घड्याळ लावतात. त्यांना विचारलं की डोळे मिटून सांगतात, “पहिला साडेसहा, दुसरा सात. सेकंदाचा फरक नाही.” मी तेच फीड करतो.

शलाका त्यांचीच मुलगी. बस, आता तुला सगळं कळलं. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत शिकवते, पेपरच्या झेरॉक्स काढायला आमच्याकडे येते. मी सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांच्या अंगावर जर्नल भिरकावून घरी आलो, हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण तिने एकदाच विचारलं, “जर्नल पूर्ण तरी होतं का?” मी म्हटलं, हो. म्हणाली, “मग फुकट घालवलंस.” असं अजून कोणी बोललं नाही माझ्याशी. सगळे एकतर उपदेश करतात नाहीतर हसतात.

ती दुसऱ्या भोंग्याची आहे. तिची आई, म्हणजे काकू, सांगतात, भोंगा चालू असताना जन्मली, त्यामुळे हिचं तोंड उघडलेलं दिसत होतं पण रडणं ऐकूच येईना. भोंगा थांबला तेव्हा कळलं की पोर रडतंय.

चिठ्ठीवर तिची आणि माझी तारीख-वेळ पाठवतोय. तुझ्याकडे जुळवून बघ. मी इथे बघितली तर सुधाकरकाकांना कळेल. हसू नकोस.

तुझा,
धनेश

पुणे,
४ मार्च १९९३

प्रिय धनेश,

हसलो. सॉरी. पण जुळवून पाहिलं : छत्तीसपैकी बावीस गुण, मंगळ दोघांनाही नाही. मुलगी सज्जन दिसते, बाकी ग्रहांचं ग्रहांना माहीत. मी हा प्रोग्राम लिहिला तो फीसाठी. गणित चोख आहे याची हमी देतो. त्या गणितावरून कुणाचं आयुष्य कसं जाईल याची नाही.

तांदूळ काढायला बटन वर उचकट, आत ब्रश फिरव. लाइट गेली तर आधीचा कागद फाडून टाक, गिऱ्हाईक काहीही म्हणो.

वेळ टाकायच्या रकान्याखाली ‘घड्याळ दुरुस्ती’ असा एक रकाना दिसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने सगळी घड्याळं तासभर पुढे केली होती, त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांसाठी तो ठेवलाय. बाकी कुणासाठी त्याला हात लावू नकोस. काही लोकांचं जन्मलग्न राशीच्या अगदी कडेवर असतं, दहा-वीस मिनिटं सरकली की सगळी घरं सरकतात. तुझ्या शलाकाचंही तसंच कडेवर आहे, म्हणून उदाहरण दिलं.

आणि एक. तिची पत्रिका मला पाठवलीस, तिला काही बोललास का?

तुझा,
हृषीकेश

इंदूर,
२७ मार्च १९९३

भिया हृषी,

फार लिहीत नाही, गर्दी आहे.

देवासच्या शंतनु नावाच्या मुलाकडून शलाकाला मागणी आली होती. बँकेत आहे, स्कूटर आहे, पोह्यांचा कार्यक्रमपण झाला. मला कळलं ते झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून, शंकररावांच्याच तोंडून. “धनेश, तिकडच्यांना हाताने लिहिलेली नको, कॉम्प्युटरची पाहिजे म्हणतात. सुंदर छाप बरं का.” सुंदर छाप! मी छापली.

मंगळ निघाला. सातव्या घरात. देवासवाल्यांनी चार दिवसांत नकार कळवला, नवऱ्या मुलाच्या जिवाला भीती म्हणून. आता मशीनमध्ये जे येतं ते येतं, त्याला मी काय करणार?

जे झालं ते चांगल्यासाठी. अक्षय्यतृतीयेला आई माझी पत्रिका घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. अपने को मंगळ-बिंगळाची पर्वा नाही, असं मी सरळ सांगणार. अशा वेळी जो उभा राहतो तोच खरा, की नाही?

धनेश

पुणे,
५ एप्रिल १९९३

धनेश,

तुझं पत्र वाचून तिची चिठ्ठी पुन्हा काढली. तीनदा चालवला प्रोग्राम, मग कागदावर हाताने गणित केलं. सकाळचे सात धरले तर मंगळ सहाव्या घरात येतो. तो सातव्यात जायला वेळ किमान पंधरा मिनिटं आधीची टाकावी लागते.

बटन अडकलं असेल, वेळ टाकताना चूक झाली असेल, तर ताबडतोब पुन्हा छाप आणि देवासला जाऊन दे. मी प्रोग्रामची चूक समजून माझ्या नावाने माफीचं पत्र लिहून द्यायला तयार आहे.

चूक झाली नसेल तर काय झालंय ते मला सरळ सांग. तो रकाना तुला मीच दाखवला होता.

हृषीकेश

इंदूर,
९ मे १९९३

हृषी,

महिनाभर तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. आधी तुझा राग आला. पुण्यात बसून कागदावर गणितं करणं सोपं आहे, असं चार पानी उत्तर लिहिलं होतं. फाडलं.

हो, मी टाकली. उणे वीस मिनिटं. शंकरराव समोर स्टुलावर बसले होते, गुडघ्यावर टोपी ठेवून. मला वाटलं, एवढंच करायचं, देवास टळेल, मग आपण हळूच ‘मशीनची गलती होती’ म्हणून दुसरी छापून देऊ. दोन मिनिटांचं काम. डोक्यात रक्त चढलेलं होतं, यार. त्यांनी ‘सुंदर छाप’ म्हटलं नसतं तर कदाचित केलं नसतं. हे खोटं आहे. केलंच असतं.

पण तू मला सांगितलं नव्हतंस की ती दुरुस्ती कागदाच्या तळाला छापून येते. बारीक अक्षरात : ‘घड्याळ दुरुस्ती : उणे ००.२०’. शंकररावांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली. तीस वर्षं तळाच्या ओळी वाचलेला माणूस. म्हणाले, “हे काय आहे रे?”

मी म्हटलं, “काका, कॉम्प्युटर म्हणतो तुमचा भोंगा वीस मिनिटं पुढे होता.”

“त्याला काय माहीत?”

“त्यात सगळ्या मिलांचा रेकॉर्ड फीड केलेला असतो.”

हृषी, त्यांनी वादच घातला नाही. मला वाटलं होतं चिडतील, माझ्या तोंडावर घड्याळ आपटतील. नुसते म्हणाले, “सगळ्या मिलांचा?” आणि घडी घालून कागद खिशात ठेवला. जाताना चपला उलट्या घातल्या.

आता ऐक पुढे काय झालं. भोंगा वीस मिनिटं पुढे होता, म्हणजे सात वाजले म्हणून त्यांनी गेट बंद केलं तेव्हा खरे पावणेसातही वाजले नव्हते. म्हणजे ज्यांना ‘लेट’ म्हणून परत पाठवलं ते सगळे वेळेवर आले होते. याचा मी विचारच केला नव्हता. ते रात्रंदिवस तेवढाच विचार करून राहिलेत. एप्रिलपासून रोज सकाळी मिल एरियातल्या चाळीत जातात, एकेकाचं दार वाजवतात आणि हात जोडून सांगतात, “तुम्ही वेळेवर होता. चूक भोंग्याची होती. मला क्षमा करा.” त्यांना सगळे पाठ आहेत. कोण कुठल्या साली, कुठल्या थंडीत परत गेला. काही लोक हसतात. काही चहा पाजतात. श्रीपाद म्हणून एक होता, तीनदा लेट झाला म्हणून त्याचं पर्मनंट व्हायचं राहिलं, तो आता हयात नाही. त्याच्या बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे ते खोटं बोलत नव्हते.” आणि दार लावलं. शंकरराव त्या दारासमोर अर्धा तास उभे होते, असं लोक सांगतात.

आणि शलाका. देवासवाल्यांनी तो कागद आणून देणाऱ्याला परत दिला, त्याने वधू-वर मंडळात, तिथून अजून कुठे कुठे. सगळ्या झेरॉक्स. त्यातल्या काही तर आमच्याच दुकानात निघाल्या असतील. मंडळात तिचं नाव आता मंगळवाल्यांच्या फायलीत आहे. परवा एक स्थळ आलं, बेचाळीस वर्षांचा बिजवर, एक मुलगी आहे, मंगळ जुळतो म्हणे.

आई अक्षय्यतृतीयेला गेली होती. शंकररावांनी माझी पत्रिका पाहिली, मंगळ नाही. हात जोडून म्हणाले, “वहिनी, तुमचा एकुलता एक मुलगा. माझी मंगळाची मुलगी त्याच्या गळ्यात बांधायचं पाप मी करणार नाही.” आई म्हणाली, आम्ही नाही मानत. तर म्हणाले, “तुम्ही नका मानू, मला मानावं लागतं. आधीच पुष्कळ जणांचं नुकसान करून बसलोय.”

मी दुसरी छापून ठेवलीय, दुरुस्ती काढून. पंधरा दिवस झाले, ड्रॉवरमध्ये आहे. नेऊन द्यायची हिंमत होत नाही. दिली तर सांगावं लागेल ना.

शिव्या घाल, पण लिही.

धनेश

पुणे,
१७ मे १९९३

धनेश,

शिव्या घालून तुला बरं वाटेल, म्हणून घालत नाही.

तळाची ओळ मी मुद्दाम ठेवली होती. कुणी दुरुस्ती केली तर ती कागदावर दिसावी, लपू नये, एवढ्यासाठी. ती दिसली, आणि छापलेली आहे म्हणून खरी ठरली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेवढा दोष माझा.

सोबत माझ्या सहीचं पत्र आहे. प्रोग्राममध्ये कुठल्याही मिलचा कसलाही रेकॉर्ड नाही, दुरुस्ती फक्त मशीनवर बसणारा माणूस टाकतो, असं स्वच्छ लिहिलंय. ड्रॉवरमधला कागद आणि हे पत्र घे आणि जा. आईला पाठवू नकोस. सुधाकरकाकांना पुढे करू नकोस. आणि जाऊन ‘मशीनची गलती’ म्हणू नकोस.

हृषीकेश

इंदूर,
२० जून १९९३

हृषी,

गेलो. लगेच नाही. तुझं पत्र बावीस तारखेला मिळालं, मी गेलो जूनच्या सहा तारखेला. मधल्या दिवसांचा हिशेब विचारू नकोस.

रविवार होता. शंकरराव बाहेर निघायच्या तयारीत, शलाका ओट्यावर वह्या तपासत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वीस मिनिटं मी टाकली, शंतनुचं जमू नये म्हणून टाकली, रेकॉर्ड-बिकॉर्ड काही नाही, भोंगा बरोबर होता. दोन्ही कागद पुढे ठेवले, तुझं पत्र ठेवलं.

त्यांनी तिन्ही शांतपणे वाचले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता मारतील, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं. तर म्हणतात, “पोरा, तुझं मन चांगलं आहे. शलाकासाठी तू आळ स्वतःवर घेतोयस.”

“काका, आळ नाही, मी केलंय.”

“मशीनला खोटं बोलायचं काय कारण? तुला आहे. तुझी आई येऊन गेली ना मागणी घेऊन.”

“तेच तर सांगतोय! मला कारण होतं म्हणून मी...”

“हो, हो. बस, पाणी पी.”

मी ओरडलो, हृषी. त्यांच्या घरात, त्यांच्यावर. “तुमचा भोंगा बरोबर होता, ऐकू येतंय का तुम्हाला?” ते म्हणाले, “कसं तपासणार? भोंगा चालू असता तर रेडिओसमोर उभं करून दाखवला असता. आता मिललाच टाळं आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पहिला कागद तू छापलास तेव्हा तुला माझ्याकडून काही नको होतं. दुसरा छापलास तेव्हा पाहिजे होतं. मी कुठला खरा धरू?” मला दोन्ही वेळा पाहिजे होतं, पण ते त्यांना दिसत नव्हतं.

शलाकाने मात्र पहिल्याच वाक्याला विश्वास ठेवला. लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “किती मिनिटं?”

“वीस.”

“वीसच का?”

“तेवढ्यात मंगळ सरकत होता.”

तिने वह्या गोळा केल्या, आत गेली.

त्या दिवसापासून मी एकच करत सुटलो. मिलचा कोणी असा माणूस शोधायचा ज्याला भोंगा आणि घड्याळ दोन्ही आठवतं. चाळीत विचारलं तर लोक उडवून लावायचे, “भिया, आम्ही भोंग्यावरून घड्याळ लावायचो, घड्याळावरून भोंगा नाही.” शेवटी कोणी सांगितलं, मालोजी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, खजराण्याला असतो. गणपतीच्या देवळाबाहेर दूर्वा-फुलांचं दुकान लावून बसलाय. शंकरराव अजून त्याच्यापर्यंत पोचले नव्हते, लांब म्हणून. त्याला विचारलं, तुम्हाला कधी गेटवरून परत पाठवलं होतं का?

“एकदा? पाच वेळा.”

“भोंगा पुढे होता म्हणून?”

तो हार ओवायचा थांबला. “कोण म्हणतो? गेटसमोर चहाची टपरी होती, तिच्यावर रेडिओ. सातच्या बातम्यांआधी पिप् पिप् व्हायचं ना, शेवटच्या पिपला भोंगा. रोज. आम्ही म्हणायचो, टाइमकीपर रेडिओवाल्यांचा जावई आहे. माझा चहाचा ग्लास हातात असायचा, पिप् ऐकून पळायचो, आणि माझ्या नाकासमोर गेट बंद. अजून आवाज लक्षात आहे कडीचा.”

मी त्याला तिथूनच टेम्पोत घातलं. फुलं शेजारच्या बाईच्या हवाली केली. येताना त्याला सगळं सांगितलं, माझं केलेलंपण. तो मधे एकदा टेम्पोत माझ्यापासून जरा सरकून बसला.

शंकरराव दारात होते. मालोजीला बघितलं आणि हात जोडायला लागले, “मालोजी, तू त्या वेळी...”

मालोजीने त्यांचे हात धरले. “साहेब, गप बसा. मी लेट होतो. बायकोशी भांडून निघायचो, टपरीवर गप्पा मारायचो, म्हणून लेट होतो. माझं लेट होणं माझं आहे. ते तुम्ही कसं काय घेऊन चाललात?”

“पण भोंगा...”

“शेवटच्या पिपला. पाचही वेळा. माझ्याइतकं लक्ष देऊन तुमचा भोंगा कोणी ऐकला असेल?”

हृषी, ते हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग तसेच ओट्यावर बसले आणि खूप वेळ टोपीने तोंड झाकून होते. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मालोजी शेजारी बसून होता, हाराच्या दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळत.

थोड्या वेळाने त्यांनी डोकं वर केलं आणि मला शोधलं. मी अंगणात उभा होतो. त्यांचा आवाज गेटवरचा होता, तो मी पहिल्यांदाच ऐकला.

“धनेश, आलास ते बरं केलंस.” मग खिशातून घड्याळ काढून उगीच किल्ली दिली. “पण भोंगा वाजून गेल्यावर आलास.”

मला कळलं. मी निघालो.

श्रीपादच्या घरी मालोजी आणि शंकरराव दोघं जाऊन आले म्हणे. काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मंडळात मी गेलो होतो. तिथल्या बाईंना तुझं पत्र दाखवून शलाकाचा कागद काढायला लावला. ज्या घरांत झेरॉक्स गेल्या त्यांची नावं घेतली, एकेकाकडे जातोय. तोंडाने सांगतोय की मी केलं. एका ठिकाणी पाण्याची बादली अंगावर आली. देवासला सगळ्यात शेवटी जाणार आहे. शंतनुचं दुसरीकडे ठरलंय, मे महिन्यातच ठरलं.

काकांच्या दुकानात अजून बसतो. गिऱ्हाइकाला आधी त्याची हाताने लिहिलेली पत्रिका आणायला सांगतो. दोन्हीत फरक आला तर छापत नाही. काका म्हणतात, धंदा बुडवशील. तो रकाना काढून टाकता येत असेल तर काढून नवी फ्लॉपी पाठव.

धनेश

इंदूर,
११ जुलै १९९३

धनेश,

दुकानात येऊन बोलता आलं असतं, पण तिथे रांग असते, आणि तू मधेच बोलतोस.

तू घरोघरी जातोयस ते कळलं. देवासलाही जाऊन आलास. शंतनुच्या आईने बाबांना पत्र लिहिलं, फार वाईट वाटलं म्हणून. त्यांचा काही दोष नाही. त्यांनीही छापलेलंच वाचलं.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसणार, म्हणून सांगते. शंतनु मला आवडला होता. फार नाही, एकदाच भेटले होते. पण पोह्यांच्या दिवशी त्याने बाबांना भोंग्याबद्दल विचारलं आणि बाबा तासभर बोलले, तेव्हा मी मनात हो म्हटलं होतं. तू मला विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं. तू पुण्याच्या मित्राला विचारलंस, मशीनला विचारलंस, आईला पाठवलंस. दर आठवड्याला मी तुझ्या समोर उभी असायचे, पेपर घेऊन. एकदा विचारायचं होतंस. त्याचं उत्तर मी ‘नाही’ असंच दिलं असतं, पण तुला कळलं तरी असतं.

बाबांनी तुला क्षमा केली. ते तुझ्या आईशी पूर्वीसारखंच बोलतील. माझ्याकडून अजून होत नाही, आणि होईल तेव्हा मी मुद्दाम कळवायला येणार नाही. पेपरच्या झेरॉक्स आता शाळेजवळच काढते.

उज्जैनहून एक विचारणा आली आहे. त्यांनीही कॉम्प्युटरची पत्रिका मागितली होती. बाबांनी नाही म्हणून कळवलं. काल सकाळी रेडिओला घड्याळ लावून झालं आणि ते स्वतः पाटावर बसून, बोरूने, माझी पत्रिका लिहायला लागले. दुपारपर्यंत लिहीत होते. जन्मवेळ : सकाळी सात, दुसरा भोंगा. आणि कागदाच्या अगदी तळाला, जिथे तुझी ती ओळ छापली होती, तिथे बारीक अक्षरात त्यांनी लिहिलंय :

‘वेळ बरोबर. साक्ष : मालोजी जॉबर, पाच वेळा लेट.’

शलाका